दहा बाय बाराच्या खोलीत ड्रमकिट

बेळगावात नवं ड्रमकिट घरी आलं की ते कोपऱ्यात जातं. टिळकवाडीतला बंगला असो, अनगोळातली भाड्याची खोली असो, नाहीतर कॅम्पातला एखादा चर्चचा हॉल, किट कोपऱ्यातच. कारणही सरळ आहे. पाच बाय सहा फूट जागा खाणारी वस्तू खोलीच्या मधोमध कोण ठेवणार? गिटारवाला, कीबोर्डवाला, त्यांचे अँप, शिकायला आलेली पोरं, पोरांना सोडायला आलेले आईवडील, सगळ्यांना बसायला जागा हवी. मग ड्रमरला सांगतात, "तू जरा मागं सरक की." तो सरकतो, सरकत सरकत दोन भिंतींच्या सांध्यात जाऊन बसतो, आणि तिथून पुढं वर्षभर सगळे मिळून तक्रार करतात की ड्रम फार घुमतो.

मी वडगावात ड्रम शिकवतो, आणि कुणाला हवं असेल तर रेकॉर्डिंगही करून देतो. खोली दहा बाय बाराची. वर दहा फुटांवर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, एक दार, एक खिडकी आणि घरमालकांचं एक लोखंडी कपाट, जे हलवायचं नाही असं खोली देतानाच ठरलेलं आहे. गल्ली विणकरांची. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा पट्टाच मागांचा; दिवसभर यंत्रमागांची खटखट चालू असते. ड्रमच्या क्लासला यापेक्षा चांगला शेजार मिळायचा नाही. आधी टिळकवाडीत होतो तेव्हा भर दुपारी स्नेअरवर काठी पडली की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत यायच्या. इथं माग बंद पडला तर लोक बाहेर येऊन बघतात, ड्रमचं कुणाला काही नाही. रेकॉर्डिंगला मात्र हाच शेजार नडतो. रात्री माग थांबतात, पण दहानंतर वाजवायला कायद्यानं बंदी. म्हणून आमची खरी वेळ वीज गेल्यावरची. माग थांबतात, पंखा थांबतो, लॅपटॉप बॅटरीवर चालतो, आणि घामाघूम होऊन एखादं गाणं पुरं होतं.

येणारी पोरं निपाणी, संकेश्वर, खानापूर, चंदगड अशी कुठकुठली. बऱ्याच जणांनी आधी हलगी किंवा बेंजो पार्टीतला साईड ड्रम वाजवलेला असतो. या पोरांचा हात तयार असतो, लय पक्की असते, पण हात उघड्यावर तयार झालेला असतो. मैदानात आवाज गेला तो गेला, परत येत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या इथल्या सेंटरचा बँड मैदानावर वाजताना ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक असेल, साईड ड्रमचा एकेक घाव कसा सुटा, कोरडा ऐकू येतो. तोच ड्रम मिरवणुकीत गणपत गल्लीसारख्या गल्लीत शिरला की एकदम अंगावर येतो. दोन्ही बाजूंना दुकानं, वर मजले, मध्ये मोजकी वाट. हलगीवाल्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी शिवजयंतीच्या मिरवणुकीत बघा, रुंद रस्त्यावर ते चालत वाजवतात आणि अरुंद जागा आली की गोल करून थांबतात. खास ठेवणीतले तुकडे तिथंच निघतात. भिंत आपल्याला साथ देते हे त्यांच्या हाताला कळलेलं असतं.

ऑक्टापॅडवरून येणाऱ्या पोरांना मात्र भिंत हा प्रकारच माहीत नसतो. रोलंडनं 1985 साली ऑक्टापॅड बाजारात आणला आणि पुढं आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी, बेंजो पार्ट्यांनी, अगदी भजनी मंडळांनीही तो उचलला. स्कूटरवर मांडीशी घेऊन जाता येतो, एका वायरीनं मिक्सरला जोडता येतो. त्यातली किक दुसऱ्याच कुठल्या तरी चांगल्या खोलीत आधीच रेकॉर्ड झालेली असते. तुम्ही कोपऱ्यात बसा नाहीतर दारात बसा, यंत्रातून तीच निघते. अशा पोराच्या बापानं दहावीच्या निकालावर खूश होऊन किट घेऊन दिलं, की पोरगा पंधरा दिवसांत हिरमुसून येतो. "सर, घरात किक नुसती बूंऽऽ करते. तुमच्याकडं असं का होत नाही?" किटच्या कंपनीवर, कातड्यावर, पेडलवर त्याचा संशय असतो. खोलीवर कधीच नसतो.

मी त्याला आधी टेप घेऊन खोली मोजून आणायला सांगतो.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण 1130 फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट अंतर असेल, तर 1130 भागिले वीस, म्हणजे 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या दोन भिंतींमध्ये नेमका बसतो. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का मिळत राहिला की तो वाढतच जातो, तसा तो एकच सूर वाढतो आणि काठी उचलल्यावरही रेंगाळतो. बारा फुटांच्या बाजूला हाच हिशेब 47 वर येतो. आणि माझ्या खोलीसारखी उंचीही दहाच फूट असेल तर 56 दोनदा येतो, एकदा आडवा आणि एकदा उभा. बावीस इंची किकचा पाया साधारण याच भागात, पन्नास ते पासष्टच्या दरम्यान असतो. म्हणजे घुमायला जो सूर खोली टपून बसलीय, तोच सूर आपण पायानं मारतोय.

आता कोपरा. या खालच्या सुरांचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो, आणि कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन अशा तिघी एकत्र येतात. तिथून मारलेली किक खोलीतला प्रत्येक घुमणारा सूर पुरेपूर जागा करते. शिवाय प्रत्येक जवळचा पृष्ठभाग खालच्या सुरांना सहा डेसिबलपर्यंत उचलतो, म्हणजे नुसत्या जमिनीवरच्या किकपेक्षा कोपऱ्यातली किक हिशेबानं बारा डेसिबलपर्यंत फुगते. स्पीकरवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. लग्नाच्या हॉलात बेस कमी पडला की ते गुपचूप पेटी कोपऱ्यात सरकवतात. त्यांना हवं असतं ते आपल्याला नको असतं, एवढाच फरक.

मग बरोबर मध्ये ठेवावं, असं हुशार पोरगं लगेच म्हणतं. मध्ये ठेवलं तर उलटं होतं. खोलीच्या बरोब्बर मध्यावर त्या पहिल्या सुराचा दाब जवळपास शून्य असतो, त्यामुळं तिथून तो जागाच होत नाही. किकचा ढोलपणा जातो, पेडलचा टकटक आवाज तेवढा उरतो. वर, ड्रमरचा कानही मध्यावरच असेल तर त्याला स्वतःची किक सगळ्यात कमी ऐकू येते, मग तो जोरानं मारतो, आणि भिंतीला टेकून बसलेल्या आईला ती छातीत लागते. एकाच खोलीत, एकाच क्षणी, एकाला किक पोकळ आणि दुसऱ्याला भरमसाट. यावरून बँडमध्ये झालेली भांडणं मी पाहिली आहेत. दोघंही खरं बोलत असतात.

माझ्या खोलीत जागा ठरवली ती खडूनं. फरशीच्या सांध्यांमुळं मापाचं काम सोपं होतं. एका विद्यार्थ्याला मी स्टुलावर बसवलं आणि समोर फक्त किक, बाकी सगळं बाहेर पॅसेजमध्ये. त्यानं एकसारखी, फार जोर न लावता किक मारत राहायचं. मी एकदा दारापाशी, एकदा खिडकीपाशी, एकदा जिथं माइक लागणार तिथं उभा. दुसऱ्या दोघांनी किक उचलून फूटभर पुढं ठेवायची, पुन्हा तेच. कोपऱ्यात प्रत्येक घावाला शेपूट होतं, पुढचा घाव पडायच्या आत मागचा संपत नव्हता. भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर शेपूट तुटायला लागलं. बारा फुटांच्या बाजूनं तिसऱ्या हिश्श्याच्या जरा पुढं, साडेचार फुटांवर आली तेव्हा खिडकीशी उभा असलेला मुलगा आपणहून म्हणाला, "सर, आता कातडं ऐकू यायला लागलं." तिथं मी खडूची फुली मारली. रुंदीच्या बाजूनं किक मध्याच्या जवळ आणली, कारण आडवा 56 तिथंच झोपतो. मात्र बरोब्बर मध्यावर नाही, वीतभर डावीकडं. दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्या अंतरावर असल्या की दोन्हींकडून परतलेला आवाज एकाच क्षणी येऊन आदळतो, ते टळलेलं बरं. उभा 56 मात्र कशानंच टळत नाही. किक जमिनीवरच असते, आणि जमीन हीच त्या सुराची भिंत. तेवढ्यासाठी किकचं कातडं थोडं खाली उतरवून तिचा सूर 56 पासून बाजूला केला.

हे आकडे घेऊन कुणी आपल्या खोलीत फूटपट्टीनं किट बसवू नये. दार कुठल्या भिंतीत आहे, खिडकीला काच आहे की नुसतं लाकूड, पलंग आहे का, कपड्यांनी भरलेलं कपाट आहे का, यावर सगळं हलतं. आकडा फक्त शोध कुठून सुरू करायचा ते सांगतो. पुढचं काम दोन मित्र आणि खडू यांचं. एका पालकांनी मला विचारलं होतं, आग्नेय दिशा चालेल का? मी म्हटलं, आग्नेय चालेल, आग्नेय कोपरा नको.

किकचं निभलं की स्नेअर उभा राहतो. त्याची अडचण वेगळी. स्नेअरचा मुख्य सूर साधारण दोनशेच्या अलीकडं-पलीकडं असतो. भिंत त्याच्या मागं दीड फुटावर असेल तर भिंतीवर आपटून परत आलेला आवाज तीन फूट जादा चालून येतो, आणि 190 हर्ट्झच्या आसपास तो नेमका उलटा पडून समोरच्या आवाजाला खातो. स्नेअर कागदी वाटतो. पोरं मग तो आवळत सुटतात, किल्लीनं गोल गोल, शेवटी कातडं ठणठणायला लागतं आणि अंग काही येत नाही. किट फूटभर पुढं ओढलं की अंग परत येतं. त्या किल्लीपेक्षा ड्रमखालच्या सतरंजीचं टोक धरून ओढणं कितीदा तरी जास्त उपयोगी पडलेलं मी पाहिलंय. सतरंजीचं कामच मुळी तेवढं, किट न सरकू देणं, आणि फरशीवरून उसळणारी सिंबलची चरचर थोडी कमी करणं. खालच्या आवाजाला सतरंजी असली काय, नसली काय.

वरचं छत लोक विसरतात. दहा फुटांचा स्लॅब असेल तर रेकॉर्डिंगला फार त्रास होत नाही. पण शहापुरातल्या एका जुन्या घरात माळ्याखालच्या खोलीत मला रेकॉर्ड करायचं होतं, वर आठ फुटांवर फळ्या. सिंबल चार फुटांवर, वरचे माइक सात फुटांवर. म्हणजे माइकपासून फळी फुटावर. थेट आलेला आवाज आणि फळीला लागून आलेला आवाज यांत फक्त दोन फुटांचा फरक. अशानं 280 च्या आसपास एक खड्डा पडतो, मग 850 च्या जवळ दुसरा, मग पुढं आणखी. ऐकताना वाटतं, कुणी पाइपातून वाजवतंय. माइक खाली आणावेत तर काठी लागते. शेवटी घरातली एक जाड गादी फळ्यांना दोरीनं बांधून किटच्या वर टांगली. घरातल्या आजी खालून बघत होत्या. "अरे, वर कोण झोपणार आहे?" गाणं झाल्यावर गादी काढून परत उन्हात टाकून दिली, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

गाद्यांचा हा उद्योग आमच्याकडचा नाही, जुनाच आहे. 1895 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं फॉग म्युझियममधल्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नाही म्हणून वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडं काम दिलं. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या थोड्या मांडायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या, असं बराच काळ केलं. खोलीतला आवाज मोजण्याचं शास्त्र त्या गाद्यांवर उभं आहे. शोषणाचं एकक म्हणून त्यानं धरलं ते काय, तर उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे ती सगळा आवाज पिते. मी पोरांना हे एवढ्यासाठी सांगतो की दार किलकिलं ठेवणं हा फुकटचा उपाय आहे, शेजारी यंत्रमाग असले तर.

याउलट भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणं. निपाणीपासून खानापूरपर्यंत ज्या ज्या खोलीत ड्रम आहे तिथं हे ट्रे मी बघितले आहेत. त्यांचा खालच्या आवाजाला काडीचा उपयोग नाही. पातळ पुठ्ठा आहे तो. वरची थोडी चमक खातो, किक जशीच्या तशी. उलट चमक गेल्यामुळं घुमणं जास्तच उघडं पडतं. शिवाय जुन्या वायरिंगच्या खोलीत चारी भिंतींना वाळका पुठ्ठा लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. इंचभर फोमचंही तेच, फक्त महाग. आपल्या घरातली जाड वाकळ याहून बरी. ड्रमरच्या डोक्यामागच्या भिंतीवर, भिंतीला न चिकटवता चार बोटं पुढं टांगली, तर सिंबलचा मागून येणारा चटका नक्की कमी होतो. पण 56 हर्ट्झला नुसत्या कापसानं अडवायचं म्हटलं तर त्याच्या लाटेचा चौथा हिस्सा, म्हणजे पाच फूट जाडीचा थर लागेल. बारा फुटांच्या खोलीत पाच फूट कापूस भरला तर ड्रमर बसणार कुठं?

असा थर मी एकदाच अनुभवला, तो निपाणीत. तिथल्या एका ऑर्केस्ट्रातल्या पोराच्या घरची तंबाखूची वखार होती. निपाणी बिडीच्या तंबाखूची पेठ. गावात अशा जुन्या वखारी पुष्कळ, जाड भिंती, उंच पत्रा. हंगामात वखार मालानं भरली की मागच्या बाजूला बोदांच्या थप्प्यांमध्ये एक खोलीएवढी जागा उरायची. तिन्ही बाजूंना तंबाखूच्या बोदांची माणसापेक्षा उंच, कित्येक फूट जाडीची भिंत, चौथी बाजू वाटेची. तिथं त्यांनी किट लावलं होतं. पहिली किक मारली आणि मला वाटलं, पेडल निसटलं. धप्, आणि संपलं. मागं काही नाही. स्नेअर मारला तर तारांचा एकेक दाणा मोजता यावा. इतका स्वच्छ ड्रम मी कुठल्याच खोलीत ऐकला नव्हता.

आणि तरी त्या पोराला तिथं वाजवायला आवडत नव्हतं. अर्ध्या तासात मनगट भरून येतं म्हणायचा. ते खरं होतं. खोली काहीच परत देत नाही तेव्हा हात आपोआप जास्त मारतो. त्यात तंबाखूचा ठसका. दर दोन गाण्यांनी शिंका. मग माल गेला, वखार रिकामी झाली, आणि त्याच जागी तेच किट ओळखू येईना. पत्र्याखाली प्रत्येक घाव लांबपर्यंत रेंगाळत होता, द्रुत लय वाजवली की नुसता गलका. किट दारापाशी आणलं, मोठ्या दाराचे दोन्ही पाखे उघडले, किकचं तोंड बाहेर केलं, तेव्हा कुठं ताल कळायला लागला. त्या दोन्ही दिवसांनंतर माझं मत पक्कं झालं की ठार कोरडी खोली ड्रमरला नको. थोडं परत यायला हवं, फक्त ते वेळेवर आणि सगळ्या सुरांचं सारखं यावं.

जुन्या कौलारू घरांत हे पुष्कळदा आपोआप जमतं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर लाकडी वासे आणि मंगलोरी कौलं, छत उतरतं. समोरासमोर सपाट पृष्ठभागांची एक जोडी तरी तिथं कमी होते, म्हणून टाळी वाजवल्यावर स्लॅबच्या रिकाम्या खोलीत जो टर्रर्र असा आवाज येतो तो येत नाही. आणि कौलं हलकी, त्यांच्या फटींतून किकचा खालचा भाग सरळ बाहेर निघून जातो. खानापूरच्या बाजूला अशा एका घरात मी कोपऱ्यातलं किटसुद्धा बरं वाजताना ऐकलंय. अर्थात जे बाहेर जातं ते शेजाऱ्याच्या घरात जातं, आणि जून ते सप्टेंबर त्या भागातला पाऊस कौलांवर असा पडतो की माइक बाहेर काढायचं नावच नको. पण नव्या स्लॅबच्या घरात 'साउंडप्रूफ' खोली बांधायला निघालेल्या माणसाला मी हे मुद्दाम सांगतो: आवाज बाहेर न जाऊ देणं आणि आत चांगला वाजणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एक केलं की दुसरं अवघड होतं. जी किक बाहेर गेली नाही ती आतच फिरत राहणार.

मोठ्या आवाजाचं वेड असलेली पोरं मला लेड झेपेलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ऐकवतात. 1971 च्या अल्बममधलं हे गाणं, जॉन बॉनमचा तो प्रचंड ड्रम. सर, असा आवाज कसा काढायचा? तो ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याच्या दालनात, खाली लावलेला होता आणि अँडी जॉन्सनं माइक वर जिन्यावरून सोडले होते. दोन माइक. ड्रमपासून माइक लांब आणि मध्ये मोकळी हवा, त्यातून तो आकार आलाय. आपल्या दहा बाय बारात भिंतीवरून आवाज परत यायला दहा-पंधरा मिलिसेकंदही लागत नाहीत. एवढ्या लवकर परतलेला आवाज कानाला वेगळा कळत नाही, मूळ आवाजात मिसळून त्याचा रंग बदलतो. म्हणून लहान खोलीत माइक लांब नेला तर मोठेपणा येत नाही, बाथरूमपणा येतो. लहान खोलीत जवळून, कोरडं घ्यावं आणि हवी तेवढी खोली नंतर मशीनमध्ये घालावी, यात कमीपणा काही नाही. फारच हौस असेल तर अपार्टमेंटचा जिना आहे. स्नेअर एकटा तिथं सुंदर वाजतो, वॉचमन येईपर्यंत.

राहता राहिलं ते कपाट. किट फुलीवर आलं, सगळं जमलं, आणि फ्लोअर टॉम मारला की कुठून तरी झीं झीं. आम्ही स्नेअरच्या तारा सोडून पाहिल्या, स्टँडचे नट आवळले. शेवटी फोनवरच्या ॲपमधून एकच सूर हळूहळू वर चढवत स्पीकरला लावला, तेव्हा ऐंशीच्या जवळ कपाटाचं दार बोललं. घरमालकांच्या परवानगीनं फटीत सायकलच्या ट्यूबची पट्टी कोंबली. खिडकीचं ग्रिल, भिंतीवरचा देवाचा फोटो, ट्यूबलाइटची पट्टी, हे सगळे लहान खोलीतले जादा वादक असतात. किट हलवलं की त्यांच्यातला एक गप्प होतो आणि दुसरा सुरू होतो, म्हणून जागा पक्की झाल्यावरच त्यांचा बंदोबस्त करावा.

कानांचं एक सांगायलाच हवं. ड्रमरच्या कानापाशी किट सहज 100 डेसिबलच्या वर जातं. 85 डेसिबल आठ तास सोसता येतात असं धरतात, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 वर तो पंधरा मिनिटांवर येतो. कोपऱ्यात, पाठीशी आणि बगलेला कोरी भिंत असताना कानाला त्याहून जास्त मिळतं. माझ्याकडं कानात बोळे घातल्याशिवाय कुणी स्टुलावर बसत नाही. मागावर जन्म काढलेले शेजारचे मामा मोठ्यानं बोललं तरच ऐकतात. पोरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सध्या आपल्याकडं घरावर दुसरा मजला चढवताना 'एक खोली पोराच्या म्युझिकला' असं म्हणण्याची पद्धत पडत चालली आहे, आणि गवंडी हमखास दहा बाय दहा काढून वर दहा फुटांवर स्लॅब टाकतो. तिन्ही मापं सारखी असलेल्या या खोलीइतकी ड्रमला वाईट खोली दुसरी नाही. तिथं 56 तिन्ही बाजूंनी येतो, आणि अशा खोलीत किटला चांगली जागा शोधून देणं मलाही जमलेलं नाही. उंची नऊ फूट असेल तर रुंदी साडेबारा आणि लांबी सतराच्या आसपास ठेवा. एवढी जागा नसेल तर निदान तिन्ही मापं एकमेकांपासून दीड-दोन फुटांनी वेगळी करा. भिंत दोन फूट सरकवायला विटा चढायच्या आधी खर्च काही येत नाही. किट घ्यायच्या आधी नव्हे, स्लॅब पडायच्या आधी ड्रमरला बोलवा.